गटात एकटाच राबतो, तेव्हा

प्रश्न : दादरच्या कॉलेजात एफवायबीकॉमला शिकवते. १२० मुलं, बाक जमिनीला ठोकलेले. गटाला काम दिलं की एकच राबतो, बाकीचे फक्त नाव लावतात. काय करावं?

उत्तर : गट चौघांचाच ठेवा, पुढच्या बाकावरचे दोघे मागे वळले की झालं. धड्याचे चार भाग करून प्रत्येकाला एकच द्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१मध्ये टेक्सासात सुरू केलेली ही ‘जिगसॉ’ पद्धत. वेगवेगळ्या गटांतल्या, पण तोच भाग मिळालेल्यांनी आधी १० मिनिटं एकत्र चर्चा करावी (तिसांचा घोळका नको, जवळपासचे चार-पाच पुरेत), मग आपल्या गटाला शिकवावं. पावसात लोकल रखडली की एखादा भाग गायब होतो. टिपणाची जादा प्रत ठेवा. शेवटची चाचणी मात्र एकेकट्याची, चारही भागांवर. सामाईक गुण दिलेत, की फुकटे पुन्हा निवांत!