लग्न करून आलेली ‘राजकुमारी’ कशी?

प्रश्न असा आहे: ब्रिटनचे राजपुत्र विल्यम यांची बायको केट मिडलटन, तिला कुणी ‘राजकुमारी केट’ लिहितं, कुणी ‘युवराज्ञी’. बरोबर काय? आणि राजघराण्याबाहेरून आलेल्या अशा सुनांसाठी इंग्रजीत ‘कॉमनर’ म्हणतात, त्याला ‘सामान्य स्त्री’ चालेल का?

राजकुमारी म्हणजे राजाची लेक. शब्द नातं सांगतो, आणि लग्न करून घरात आलेली मुलगी लेक होत नाही, सून होते. गोंधळ ‘प्रिन्सेस’मुळे होतो. तो शब्द लेकीलाही लागतो, सुनेलाही लागतो, आणि मोनॅको या चिमुकल्या देशात तर खुद्द राज्यकर्त्याच्या बायकोला लागतो. मोनॅकोचा राज्यकर्ता ‘प्रिन्स’ असतो, तो कुणाचा राजपुत्र म्हणून नव्हे. आपल्या शब्दांत तो संस्थानिक. म्हणून 1956मध्ये तिथे लग्न करून गेलेली अभिनेत्री ग्रेस केली ‘राजकुमारी’ नव्हे, राणीसाहेबच म्हणायची.

ब्रिटनमधला जुना रिवाज पाहिला की फरक चटकन कळतो. ‘प्रिन्सेस ॲन’ हे बरोबर, कारण ती एलिझाबेथ राणीची लेक. चार्ल्स यांची पहिली बायको डायना, तिच्यासाठी ‘प्रिन्सेस डायना’ जगभर रूढ झालं तरी अधिकृत नाव तसं कधीच नव्हतं. ती ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ होती. सुनेला नवऱ्याची पदवी मिळते, कधीकधी नवऱ्याच्या नावासकट. एलिझाबेथ राणीच्या चुलतभावाची बायको अधिकृतपणे ‘प्रिन्सेस मायकेल ऑफ केंट’ आहे. याचं शब्दशः ‘राजकुमारी मायकेल’ केलं तर वाचणाऱ्याला वाटेल, हे कसलं मुलीचं नाव! तिथे सरळ ‘केंटचे प्रिन्स मायकेल यांच्या पत्नी’ लिहावं.

आता युवराज्ञी. युवराज म्हणजे गादीचा ठरलेला वारस, आणि त्याची बायको ती युवराज्ञी. राजाचा प्रत्येक मुलगा युवराज नसतो, हे विसरलं की पुढचं सगळं चुकतं. केटचं लग्न 29 एप्रिल 2011 रोजी झालं तेव्हा युवराज होते सासरे, चार्ल्स. विल्यम त्यांच्यामागे दुसऱ्या क्रमांकावर. म्हणजे 2011 ते 2022 केट ‘केंब्रिजची डचेस’ (ड्यूक ही पदवी असलेल्याची बायको), युवराज्ञी नाही. 8 सप्टेंबर 2022ला एलिझाबेथ गेल्या, विल्यम वारस झाले आणि दुसऱ्या दिवशी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही वारसाची पदवीही मिळाली. तेव्हापासून ‘युवराज्ञी केट’ नेमकं आहे. विल्यमचे धाकटे भाऊ हॅरी यांची बायको मेगन मार्कल, तिला मात्र हा शब्द लागत नाही. ती ‘ससेक्सची डचेस’, किंवा सरळ मराठीत राजघराण्याची धाकटी सून.

थोडक्यात, लिहिताना नवऱ्याचं त्या तारखेचं स्थान बघायचं, आजचं नाही. स्पेनची लेतिसिया वृत्तनिवेदक होती. 2004मध्ये युवराज्ञी झाली आणि जून 2014मध्ये राणी. 2008च्या प्रसंगाबद्दल लिहिताना ‘राणी लेतिसिया’ म्हटलं की तारीख चुकल्यासारखं वाटतं. घटस्फोट झाला तर आणखी काळजी घ्यावी लागते. ऑगस्ट 1996मध्ये डायनाचा घटस्फोट झाल्यावर ‘हर रॉयल हायनेस’ हे संबोधन गेलं आणि ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ हे आडनावासारखं नावामागे उरलं. त्यानंतरच्या मजकुरात ‘माजी युवराज्ञी’ नेमकं.

लेखनाबद्दल: ‘युवराज्ञी’त ज्ञ आहे, ‘युवराजी’ चूक. ‘राज्ञी’चीच प्राकृतातून ‘राणी’ झाली, जशी ‘आज्ञा’ची ‘आणा’ झाली, म्हणून ‘युवराणी’ चुकीचं म्हणता येणार नाही. पण मराठीत बसलेला शब्द ‘युवराज्ञी’च. आदरार्थी रूपातही लोक अडखळतात. एका राणीबद्दल आदराने लिहिताना ‘राणींनी सांगितलं’. ‘राण्यांनी’ लिहिलं की एकापेक्षा जास्त राण्या झाल्या.

खरी अडचण पुरुषांची. संस्कृतात शिकवणारी ती आचार्या आणि आचार्यांची बायको ती आचार्यानी, असा फरक होता. मराठीत तो पुसट झाला: पाटलीणबाई ही पाटलाची बायको, मास्तरीणबाई मात्र शिकवणारीही असते आणि मास्तरांची बायकोही. ‘राणी’ या दुसऱ्या गटातली. गादीवर बसलेलीही राणी, गादीवरच्याची बायकोही राणी. उलट दिशेला शब्दच नाही, कारण राणीचा नवरा सहसा राजा होत नाही. एलिझाबेथ राणीचे पती फिलिप जन्माने ग्रीस-डेन्मार्कचे राजपुत्र. 1947मध्ये लग्नाआधी त्यांनी त्या पदव्या सोडल्या, ब्रिटनचे ‘प्रिन्स’ ते 1957मध्ये झाले, राजा कधीच नाही. स्वीडनची व्हिक्टोरिया स्वतः वारस, तिने 2010मध्ये आपल्या व्यायाम प्रशिक्षकाशी, डॅनियल वेस्टलिंगशी लग्न केलं. त्याला ‘युवराज’ म्हटलं तर तोच वारस ठरेल. इथे नवा शब्द पाडण्याच्या भानगडीत न पडता ‘युवराज्ञींचे पती’ म्हणावं, आणि व्हिक्टोरियाबद्दल एकदा ‘गादीच्या वारस’ असं स्पष्ट लिहावं.

राहिला ‘कॉमनर’. ‘सामान्य’ म्हटलं की आपल्याला मध्यमवर्ग आणि बेताचा पैसा आठवतो. मिचिको शोदा 1959मध्ये जपानच्या युवराजांशी लग्न करून गेली तेव्हा तिच्या बाहेरची असण्याची केवढी चर्चा झाली. पण तिचे वडील मोठ्या पीठगिरणी कंपनीचे अध्यक्ष होते. ‘सामान्य घरातली मुलगी’ हे तिला शोभत नाही. ब्रिटनच्या कायद्याच्या भाषेत तर अर्लची, म्हणजे एका उमरावाची, लेक डायनाही कॉमनरच, कारण उमराव तिचे वडील, ती स्वतः नव्हे. या शब्दाचा पैशाशी संबंध नाही, प्रश्न घराण्याचा. म्हणून ‘राजघराण्याबाहेरची’ हे लांबलं तरी अचूक. ‘सर्वसामान्य’ तर नकोच. त्याने सूनबाई रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी वाटते.

जाता जाता ‘माजी राजकन्या’. जपानच्या कायद्यानुसार घराण्याबाहेर लग्न केलेली राजकन्या राजघराण्यातून बाहेर पडते. तेव्हाचे सम्राट अकिहितो यांची मुलगी सायाको 2005मध्ये अशीच पदवी सोडून सायाको कुरोदा झाली. पदवीबद्दल ‘माजी’ ठीक, पण ‘राजकन्या’ला जोडलं की बापाने लेकीला नाकारल्यासारखं ऐकू येतं. ‘राजकन्येची पदवी सोडलेल्या’ असं लिहिलं की भागतं.