कुठला पसारा चालेल, कुठला नाही

प्रश्न: मुलगा दोन वर्षांचा, मुलगी साडेतीनची. ट्रकला कॅम्पर (चाकांवरचं छोटं घर) जोडून आम्ही तीन आठवडे फिरणार आहोत. मागच्या वेळी चौथ्या दिवशीच ट्रकमध्ये वास यायला लागला, कॅम्परमध्ये पायाखाली वाळू करकरत होती, आणि रोज रात्री मुलं झोपल्यावर मी साफसफाई करत बसायचे. नवरा म्हणतो, लहान मुलं असली की असंच चालायचं. मला ते पटत नाही. काय करू?

उत्तर: तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते ‘रोज रात्री’. दिवसभर दोघांना सांभाळायचं, नव्या जागी थोपटून झोपवायचं आणि मग त्यांच्या उशाशी आवाज न करता फरशी पुसायची, हे तीन आठवडे कुणाकडूनच होणार नाही. आधी तेवढं थांबवा.

तुम्हा दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. आपण कचरा ओला आणि सुका असा वेगळा करतो ना, प्रवासातल्या घाणीचीही तशीच विभागणी करा. वाळू, बिस्किटांचा चुरा, खेळणी, फाटके कागद ही सुकी घाण. ती डोळ्यांना खुपते, पण उद्यापर्यंत थांबते. दूध, रस, शू, उलटी, ओले टॉवेल ही ओली घाण. ती पुढच्या थांब्यापर्यंतसुद्धा ढकलायची नाही. कुबट वास आणि बुरशी येते ती ओलीतून, आणि उन्हात तापलेल्या बंद ट्रकमध्ये फार लवकर येते.

माझ्या मुलीची दुधाची बाटली एकदा कार सीटखाली घरंगळली होती. झाकण सैल होतं. वरून काहीच दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं तर आत बसवेना. सीट काढली, तेव्हा गाडीचा पट्टा जिथे बैठकीच्या फटीत शिरतो तिथे पिवळट पापुद्रा सुकलेला होता आणि त्यात चुरा रुतून बसला होता. मी घाईने त्यावर गरम पाणी ओतलं आणि वास आणखी पक्का बसला. दुधातली प्रथिनं गरम पाण्याने घट्ट होतात. दूध असो, उलटी असो, आधी गार पाणीच. मग एन्झाइम असलेला क्लीनर मारायचा, आणि तो लगेच पुसायचा नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ डाग ओला राहिला पाहिजे, तरच एन्झाइम काम करतात. तेव्हापासून दर दोन दिवसांनी सीटखाली हात घालून बघायची सवय मी लावून घेतली. डोळ्यांपेक्षा बोटांना ओल आधी कळते.

कार सीटबद्दल एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. कापडी कव्हर बहुतेक वेळा मशीनमध्ये धुता येतं, सीटच्या माहितीपुस्तिकेत ते लिहिलेलं असतं. पण मुलाला बांधायचे पट्टे मशीनमध्ये टाकायचे नाहीत, भिजत घालायचे नाहीत, त्यांना ब्लीच लावायचं नाही. अपघातात मूल त्या विणीवर तोललेलं असतं, आणि वीण कमजोर झालेली वरून दिसत नाही. ओल्या फडक्यावर सौम्य साबण घेऊन पुसायचं आणि वाऱ्यावर वाळू द्यायचं, बस. कव्हर काढण्याआधी पट्टे कुठून कसे गेलेत त्याचा पुढून आणि मागून फोटो काढा, म्हणजे परत बसवताना अंदाज बांधावा लागणार नाही.

दुसरी तयारी उलटीची. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांनंतर दिसायला लागतो, म्हणजे तुमची मुलं नेमकी त्या वयात आहेत. सामानाची पिशवी पुढच्या सीटवरून हात पोचेल अशी ठेवा. मागे कॅम्परमध्ये ठेवलेली पिशवी महामार्गावर काही उपयोगाची नाही. तीत घट्ट झाकणाचा डबा, दोन जुने टॉवेल, पाण्याची फवाऱ्याची बाटली, खायचा सोडा, झिपच्या मोठ्या पिशव्या, मुलांचे कपडे आणि तुमचाही एक सदरा असू द्या. गाडी सुरक्षित जागी थांबली की आधी मूल, मग सीट. घट्ट भाग कडेकडून मधे आणत उचला, गार पाणी मारून टॉवेलने टिपून घ्या, चोळू नका. चोळलं की ते फोममध्ये उतरतं. नंतर सोडा पसरा आणि संध्याकाळी झाडून घ्या. कपडे झिपच्या पिशवीत बंद करा, पण त्या पिशवीला उद्याचा दिवस दिसू देऊ नका. आणि हात साबणाने वीस सेकंद धुवा. उलटी पोटाच्या संसर्गाची असेल तर सॅनिटायझर पुरत नाही, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

कॅम्परसारख्या लहान जागेत ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकापाठोपाठ वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. शूच्या डागावरही ब्लीच नको. शूमधल्या अमोनियाशी मिळून तेही घातक वायू सोडतं.

कॅम्परमध्ये ओल रात्री तयार होते. चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर आणि गादीखालच्या फळीवर जमते. समोरासमोरचे दोन झरोके बोटभर उघडे ठेवा, सकाळी काचा पुसा आणि गाद्या उभ्या करून खालून हवा लागू द्या. टॉयलेटमध्ये वाइप्स टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी. टाकीत ते विरघळत नाहीत आणि पाइप तुंबतो. ब्लॅक टँकचा, म्हणजे टॉयलेटच्या टाकीचा, व्हॉल्व्ह एरवी बंदच ठेवायचा, टाकी दोन-तृतीयांश भरली की उघडायचा. आधी ब्लॅक टँक रिकामी करा, मग ग्रे (बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याची टाकी), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. पिण्याच्या पाण्याची नळी पूर्णपणे वेगळी, वेगळ्या पेटीत.

आता सुकी घाण. तिची लढाई दाराबाहेरच लढायची. पायरीखाली एक चटई, आत एक चटई, चपला-बूट बाहेरच्या टोपलीत. ओल्या पायाची वाळू पुसायला जाऊ नका, ती पसरते. पाय वाळू द्या, मग हाताने झटकली की वाळू आपोआप गळते. आत एक कुंचा आणि केरभरणी पुरे. मुलीला तिचं स्वतःचं छोटं फडकं द्या, टेबल ती पुसेल. नीट नाही पुसणार, पण त्या वयात हे काम मुलांना मनापासून आवडतं. खाणं ट्रकमध्ये कोरडंच द्या, ओलं आणि चिकट ते थांब्यावर, बाहेर बसून. मेणाचे खडू उन्हात ट्रकमध्ये ठेवू नका, वितळून कापडात शिरतात.

हे सगळं करायचं कधी? दिवसा, थांब्यावर, दोघांनी मिळून. एकाने मुलांना घेऊन चालायला जायचं, दुसऱ्याने दहा मिनिटं आतलं आवरायचं, पुढच्या थांब्यावर पाळी बदलायची. यजमानांना हे पत्र वाचायला द्या आणि कुठल्या थांब्यावर कोण, ते निघण्याआधीच ठरवा. तुम्ही कॅम्पर आवरत असताना मुलांना बंद ट्रकमध्ये बसवून ठेवू नका. उन्हात आतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे 11 अंश सेल्सिअसने चढतं.

रात्री फक्त ओलं कुठे राहिलंय का तेवढं बघा: डायपर बाहेर गेले, टॉवेल दोरीवर, बाटल्या रिकाम्या. चुरा पडला असेल तर पडू दे, सकाळी मुंग्यांच्या आधी झाडून टाका. घरी परतलात की मात्र सामान उतरवल्यावर लगेच कॅम्पर बंद करू नका. पाण्याची टाकी रिकामी करा, फ्रिजचं दार फटीत कापड अडकवून उघडं ठेवा, गाद्या उभ्या ठेवा आणि दोन दिवस आत वारा खेळू द्या.