बर्फ पडतो तिथे पेरूचं झाड जगेल का? आणि फळं धरतील का?

तुम्ही पेरूच्या बिया रुजवून रोप केलंय आणि हिवाळ्यात बर्फ पडतो तिथे ते टिकेल का असं विचारलंय. टिकतं, फळंही येतात, पण कुंडीतच ठेवा, जमिनीत लावायचा मोह नको. पेरू उष्ण भागातलं झाड, उणे २-३ डिग्रीला कोवळं रोप मरतं, मोठं झाड होरपळून कधीकधी बुंध्यापासून परत फुटतं पण त्या भरवशावर राहू नका. रात्री १० डिग्रीच्या खाली जायला लागल्या की घरात घ्या, भरपूर उजेडाच्या खिडकीपाशी.

आता खरी गोष्ट सांगते, थंडीने झाडं मरतात त्यापेक्षा जास्त घरात आणल्यावर पाण्याने मरतात. माझं पहिलं रोप असंच गेलं. थंडीत पानं जांभळट लाल झाली, मला वाटलं तहानलंय, म्हणून दिवसाआड पाणी घालत राहिले आणि महिन्याभरात सगळी पानं गळाली. कुंडी उपटली तर मुळं तपकिरी आणि लिबलिबीत, बोटाने ओढलं की वरचं साल निघून आतला दोरा तेवढा हातात यायचा. फार वाईट वाटलं होतं. तो जांभळा रंग नुसता गारव्याचा असतो, ऊब आली की नवी पानं हिरवीच येतात. १५ डिग्रीच्या खाली झाडाची वाढ जवळपास थांबते, मुळं पाणी फारच कमी पितात, म्हणून बोट दोन पेरं मातीत घालून बघा, आत कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही कोमट. खत तर थंडीभर बंदच. पानांच्या मागे पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण ही कीड समजा, ओल्या फडक्याने पुसून काढा.

फळांचं म्हणाल तर पेरूला फुलं नव्या फुटीवरच येतात, त्यामुळे थंडी संपता संपता फांद्या साधारण एक तृतीयांश छाटायच्या, जीव घाबरला तरी छाटायच्या. फुलापासून फळ पिकायला चार-पाच महिने लागतात, गारव्यात त्याहून जास्त, म्हणजे छाटणी लांबली की फळं कच्ची असतानाच परत थंडी येते. घरात मधमाशी नसते तेव्हा फूल उमललं की मऊ ब्रश पुंकेसरांवरून हलकेच फिरवा, त्याच झाडाचे परागकण चालतात. बाहेर काढताना मात्र पहिला आठवडा सावलीतच ठेवा हं, एकदम उन्हात ठेवलं तर पानं करपतात.

बियांच्या रोपाला फळ यायला तीन-चार वर्षं तरी धरा, थंड हवेत अजूनही जास्त, आणि फळ आईच्या झाडासारखंच निघेल असं नाही. घाई असेल तर गुटी कलम (मोठ्या झाडाच्या फांदीलाच मुळं फुटवून केलेलं रोप) आणा, ते बरंच लवकर धरतं.

आणि हिवाळ्यात पानं गळली म्हणून लगेच फेकू नका. खोडाची साल नखाने जराशी खरवडा, खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, पाणी अगदी बेताने द्या आणि ऊब येईपर्यंत थांबा.