चित्रपटात गाड्यांवरचा कंपनीचा लोगो का काढतात? तसा कायदा आहे का?

नाही, तसा कायदा नाही. आपल्याकडच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचा रोख दुसऱ्याचं चिन्ह लावून स्वतःचा माल विकणाऱ्यांवर आहे. नायक एखाद्या कंपनीच्या गाडीतून उतरला म्हणून निर्माता काही गाड्या विकायला बसलेला नसतो. मी सेटवर कला विभागात काम करतो आणि लोगो झाकायचं काम आमच्याकडेच येतं. त्यामागे बहुतेक वेळा पैसा तरी असतो, नाहीतर भीती.

पैशाचं गणित सरळ आहे. १९९५ च्या ‘गोल्डनआय’मध्ये जेम्स बाँड बीएमडब्ल्यू झेड३ चालवताना दिसला, तो कंपनीशी झालेल्या करारामुळे. पडद्यावर दिसण्याला अशी किंमत असेल, तर ज्या कंपनीने काहीच दिलं नाही तिची फुकट जाहिरात निर्माता का करेल? टीव्हीवर तर हे जास्तच जाणवतं. मालिकेची प्रायोजक एक मोटार कंपनी आणि दृश्यात गाडी तिच्या स्पर्धक कंपनीची, असं झालं की चॅनेलची पंचाईत होते. मग लोगो धूसर केला जातो.

भीतीचा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे. आपली गाडी कोणाच्या हातात आणि कुठल्या जागी दिसते, याबाबत कंपन्या फार हळव्या असतात. २००८ चा ‘स्लमडॉग मिलियनेअर’ आपल्या मुंबईतच चित्रित झाला. गुंड मर्सिडीजमधून फिरतो याला कंपनीची हरकत नव्हती, पण झोपडपट्टीच्या दृश्यांत आपलं चिन्ह दिसू नये असं तिचं म्हणणं होतं. शेवटी ते संगणकावर पुसावं लागलं आणि त्यासाठी हजारो पौंड खर्च झाले. मला हे मनापासून खटकतं. गुन्हेगार चालतो, गरीब वस्ती चालत नाही!

कोर्टात गेल्यावर कंपन्या जिंकतातच असं नाही. ‘जॉर्ज ऑफ द जंगल २’मध्ये खलनायकाच्या बाजूचे बुलडोझर कॅटरपिलरचे दाखवले म्हणून त्या कंपनीने २००३ मध्ये डिस्नेविरुद्ध अमेरिकेतल्या कोर्टात धाव घेतली. कोर्टाने तातडीची मनाई द्यायला नकार दिला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या व्हिडिओ गेममधल्या हम्वी या लष्करी गाड्यांवरूनही खटला झाला, आणि २०२० मध्ये निकाल गेम बनवणाऱ्यांच्या बाजूने लागला. पण खटला जिंकण्यासाठी आधी तो लढावा लागतो, वकिलांची फी भरावी लागते. छोट्या निर्मात्याला नुसती नोटीस आली तरी प्रदर्शनाची तारीख धोक्यात येते. शिवाय परदेशी वितरक आणि विमा कंपन्या दिसणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या परवानगीचा कागद मागू शकतात. त्यापेक्षा लोगो काढून टाकलेला परवडतो.

काढायचं काम दिसतं तितकं अवघड नाही. बरेचसे लोगो दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेले असतात. हेअर ड्रायरने जरा गरम करायचं आणि मागून मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी ओढत न्यायची, की लोगो अलगद सुटतो, रंगाला ओरखडा येत नाही. भाड्याच्या गाडीचा मालक तयार नसेल तर गाडीच्या रंगाची चिकटपट्टी लावतो. काळी पट्टी मात्र मला अजिबात आवडत नाही, कारण पांढऱ्या गाडीवर प्रेक्षकाची नजर आधी तिथेच जाते. तसंही लोगो काढून गाडी ओळखू येत नाही असं थोडंच आहे? जीपची जाळी शाळकरी पोरगंही ओळखतं. पण कंपनीचा आक्षेप आणि प्रायोजकाची तक्रार बहुतेक वेळा चिन्हावरच अडलेली असते, त्यामुळे तेवढं गेलं की काम भागतं.

तुम्ही स्वतः लघुपट करत असाल तर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे धावू नका. खऱ्या शहरात गाड्यांवर नावं असतात आणि पडद्यावरही ती असावीत, असं माझं ठाम मत आहे. मात्र कथेत गाडीचा ब्रेक निकामी होणार असेल किंवा गाडीने कोणाचा जीव जाणार असेल, तर तेवढ्या गाडीचा लोगो जरूर काढा. तो काढताना पुढचा-मागचा निघतो, पण चाकांच्या मधल्या टोपणांवरचा आणि स्टिअरिंगवरचा हमखास राहून जातो. क्लोजअप घेण्याआधी ते दोन्ही बघून घ्या.