बोनमध्ये मुक्काम, द्राक्षबागांतून सायकल

प्रश्न: मी मुलुंडला राहते, वय ५४. माहेर पिंपळगाव बसवंतचं, घरची द्राक्षबाग आहे. मुलगी फ्रान्समध्ये दिजाँला शिकते. सप्टेंबरमध्ये मी आणि यजमान तिच्याकडे जाणार आहोत. दोघंही रविवारी येऊरपर्यंत सायकल चालवतो. तिकडे द्राक्षबागांतल्या खडीच्या वाटांवर सायकल चालवता येते, असं मुलगी म्हणते. आठवडा हाताशी आहे. बोर्दो, शॅम्पेन, आल्सास हे द्राक्षबागांचे प्रदेश सगळेच बघायचेत. सायकली इथून न्याव्यात का? आणि मी वाईन घेत नाही, शाकाहारी आहे. मग तिकडे जाऊन काय करणार, असं नणंद म्हणते.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, जरूर जा. बागेत वाढलेल्या माणसाला तिथे जे दिसेल, ते दुसऱ्या कुणाला दाखवूनही दिसायचं नाही.

पण यादीतली तिन्ही नावं आधी खोडा. बोर्दो पार नैर्ऋत्येला, आल्सास जर्मनीच्या सीमेवर. अर्धा आठवडा रेल्वेतच जाईल. मुलगी दिजाँला आहे म्हणजे तुम्ही बरगंडी या द्राक्षबागांच्या प्रदेशाच्या दारातच उभ्या आहात. दिजाँहून टीईआर, म्हणजे तिथली प्रादेशिक गाडी, वीसेक मिनिटांत बोन या गावी पोचवते. तिथे एकच खोली घ्या आणि पूर्ण मुक्काम तिथेच ठेवा. रोज सामान बांधायचं नाही, पाठीवर फक्त पाणी आणि खाऊ.

पहिल्या दिवशी बोन ते साँतने करा. आखून दिलेला सायकलमार्ग आहे, अंतर साधारण २२ किलोमीटर. पोमार, वोलने, मर्सो, प्युलिनी-माँराशे, शासान्य-माँराशे अशी एकामागून एक गावं लागतात. बराचसा रस्ता काँक्रीटचा नाहीतर डांबरी, आणि मुळात तो बागायतदारांच्या वहिवाटीचा. वेल कमरेच्या आसपासच असते. आपल्याकडे मांडवाखालून वाकून चालायची सवय, तिथे अख्खा उतार एका नजरेत दिसतो. हेक्टरी दहा हजारांच्या घरात वेली आणि दोन ओळींत जेमतेम मीटरभर अंतर. त्यामुळे त्यांचा ट्रॅक्टर ओळीच्या मधून जात नाही, वरून जातो. उंच पायांचं यंत्र वेलीला पोटाखालून जाऊ देतं. ते पहिल्यांदा समोर आलं की सायकल बाजूला घेऊन निवांत बघा, तुमच्या भावाला व्हिडिओ पाठवा. छाटणीही निराळी. आपली एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची फळछाटणी, त्यांची एकदाच, हिवाळ्यात, कारण थंडीत वेल झोपलेली असते.

खरी खडीची मजा याच्या वरच्या अंगाला आहे. त्या भागाला ओत-कोत म्हणतात. पोमारहून नाँतू, मेलोआझे करत सँ-रोमँला चढायचं, तिथले चुनखडीचे कडे बघायचे आणि ओसे-द्युरेसवरून मर्सोला उतरायचं. गावं जोडणारे रस्ते डांबरी आहेत, पण त्यांना लागून जंगलातल्या आणि बागांच्या कडेच्या कच्च्या वाटा फुटतात. नकाशात त्या आधी बघून ठेवा. चढ येऊरपेक्षा लांब आहेत, घाई करू नका. एक नियम मात्र पाळा: रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी खालचा काँक्रीटचा रस्ता धरा. तिथल्या मातीत चुनखडीबरोबर चिकणमाती आहे. ती ओली झाली की टायरला थर चढतो आणि चाक फ्रेममध्ये फिरेनासं होतं. वोलनेच्या वर बागेतल्या एका दगडी खोपीत मी पाऊस थांबण्याची वाट बघत बसलो होतो, काडीने ब्रेकपाशी अडकलेली माती काढत. या खोपी मजुरांनी आडोशाला बसण्यासाठी रचलेल्या, बिनचुन्याच्या. त्या शाबूत राहाव्यात म्हणून तिथे सायकल टेकवतानाही जपून टेकवा.

दिजाँला परतताना जमलं तर व्होन-रोमानेला उतरा. रोमाने-काँती ही जगातल्या सगळ्यात महागड्या वाईनपैकी एकीची बाग तिथे आहे. क्षेत्र १.८ हेक्टर, म्हणजे आपले साडेचार एकर. कडेला ठेंगणी भिंत, एक दगडी क्रूस आणि रस्त्यावरच थांबा, आत येऊ नका अशी विनंती करणारी पाटी. पिंपळगावात याहून मोठ्या बागा कितीतरी असतील. पण इतक्याशा तुकड्याला शतकानुशतकं स्वतःचं नाव आहे, शेजारच्या तुकड्याला वेगळं. बरगंडीतल्या अशा नावाच्या तुकड्यांना युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारसा म्हटलं.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते. सप्टेंबर म्हणजे बहुधा तोडणीचे दिवस. वाटेवर गाड्या, क्रेट, मजुरांच्या टोळ्या असणार. वाट त्यांची आहे, आपण पाहुणे. समोरून ट्रॅक्टर आला की उतरून कडेला उभं राहायचं, ओळीत पाऊल टाकायचं नाही, आणि घड कितीही हाताशी असला तरी मणी तोडायचा नाही. तुमच्या माहेरी फवारतात ते बोर्डो मिश्रण याच चोरीतून निघालं आहे. वाटसरूंनी रस्त्याकडेचे घड तोडू नयेत म्हणून बोर्दोकडचे बागायतदार कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारत. त्या वेलींवर डावणी हा बुरशीचा रोग येत नाही, हे १८८०च्या दशकात मियार्दे या शास्त्रज्ञाने हेरलं आणि पुढे १८८५ मध्ये जाहीर केलं. वडिलांना हे नक्की सांगा, त्यांना आवडेल.

सायकली इथून नेऊ नका. विमानाचा खोका, मग वेगवान टीजीव्हीत सायकलसाठी आधी करायचं आरक्षण, एवढ्या कटकटीला आठवडा पुरत नाही. बोनमध्ये भाड्याने मिळतात, बॅटरीवरच्याही. ३८ ते ४० मिलिमीटर रुंद टायर मागा, हवा कमी ठेवा. स्वतःची सीट तेवढी न्या. अनोळखी सीटवर तिसऱ्या दिवशी बसवत नाही.

पाणी हा खेड्यांतला खरा प्रश्न. दुकानं दुपारी बंद, सोमवारी तर बऱ्याच ठिकाणी दिवसभर. तिथले सायकलवाले गावाच्या दफनभूमीतल्या नळावर बाटली भरतात. तुम्हीही भरा, पण पिण्याजोगं नाही अशी पाटी असेल तर तो नळ सोडा. खाणावळी दुपारचं जेवण बारा ते दोन एवढ्याच वेळात देतात, दोननंतर पोचलात तर उपाशी राहाल. शनिवारी बोनचा बाजार भरतो. तिथून पाव, टोमॅटो, फळं घेऊन डबा बांधा. चीजमध्ये बरेचदा रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला जनावराच्या पोटातून काढलेला पदार्थ असतो, चालत नसेल तर विचारून घ्या. वाईनऐवजी या भागातलं काळ्या करवंदासारखं दिसणारं कासिस हे फळ आहे, त्याचं बिनदारूचं सरबत मिळतं, फार छान लागतं. यजमान वाईन चाखणार असतील तर ती संध्याकाळी, सायकल ठेवल्यावर. रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम ही मर्यादा फ्रान्समध्ये सायकलस्वारालाही लागू आहे.

आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात वरच्या जंगलांत शिकारीचा हंगाम सुरू होतो. भडक नारिंगी किंवा पोपटी टीशर्ट घाला.

प्रश्न: २०२४च्या टूर द फ्रान्समध्ये त्र्वा गावाजवळ पांढऱ्या खडीवरून शर्यत झाली. ते रस्ते आमच्यासारख्यांना चालवता येतील का? सराव मुंबईत कुठे करू?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर: येतील. तो नववा टप्पा, १४ तुकड्यांत मिळून सुमारे ३२ किलोमीटर कच्चा रस्ता, आणि त्यातले पुष्कळसे शॅम्पेनच्या दक्षिण भागातल्या बागांमधून जाणारे शेतरस्तेच आहेत. कोरड्या हवेत अवघड नाहीत. पारी-तूर या जुन्या शर्यतीतही २०१८ पासून वूव्रेकडच्या बागांतल्या वाटा घेतात, त्याही बघून ठेवा.

सरावासाठी मार्वेहून मनोरीला बोटीने सायकल घेऊन जा आणि उत्तनपर्यंतच्या आतल्या वाटा धरा. नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, पुढे अलिबागकडचे मुरमाचे शेतरस्ते. सुट्या खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक हळू दाबायचा, वजन मागे न्यायचं आणि हँडल सैल धरायचं, एवढं अंगवळणी पडेपर्यंत तोच उतार पुन्हा पुन्हा उतरा. पावसाळा संपल्यावर सुरुवात करा, ओल्या मुरमावर नको.