लुटुपुटीच्या चढाईतले खरे मौन

प्रश्न : मी व्यवस्थापनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात आमच्या वर्गात एव्हरेस्ट चढाईचे सिम्युलेशन, म्हणजे खऱ्यासारखी लुटुपुटीची चढाई, झाले. पाच जणांचा संघ, संगणकावर सहा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत पुढच्या छावणीकडे निघायचे की थांबायचे याचा निर्णय. संघप्रमुखाची भूमिका माझ्याकडे होती. मी निर्णय झटपट घेतले, कोणी अडवलेही नाही. तरीही आमच्यातल्या दोघांना शिखराआधीच खाली न्यावे लागले. त्यांची प्रकृती ढासळत असल्याचे डॉक्टर झालेल्या मुलाच्या आधीच लक्षात आले होते, पण तो बोललाच नाही. जिथे कोणाचा जीव जात नाही की पगार कापला जात नाही, तिथे नेतृत्व खरोखर शिकता येते का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘कोणी अडवलेही नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचले. तुम्ही ते स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून लिहिले आहे; मला मात्र चूक नेमकी तिथेच दिसते.

एमी एडमंडसन आणि मायकेल रॉबर्टो या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी रचलेले हे सिम्युलेशन एकट्याच्या हुशारीने सुटू नये अशाच बेताने बांधलेले आहे. प्रमुख, डॉक्टर, छायाचित्रकार, पर्यावरणवादी आणि मॅरेथॉन धावपटू या पाचही जणांना काही माहिती अशी मिळते की जी इतरांच्या पडद्यावर नसते. शिवाय प्रत्येकाची उद्दिष्टे वेगळी, काही तर एकमेकांच्या विरोधात जाणारी. हवामान, औषधे आणि प्राणवायू यांबाबतचे अवघड प्रश्न ही विखुरलेली माहिती एकत्र मांडल्याशिवाय सुटत नाहीत. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माहिती एकत्र न मांडण्याचा दोष दिसला होता. विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी सर्वांत योग्य असलेल्या काल्पनिक उमेदवाराचे गुण गटातल्या चौघांमध्ये विखरून दिले होते; चर्चा मात्र सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींभोवतीच फिरत राहिली आणि बहुतेक गटांनी चुकीचा उमेदवार निवडला.

आता तुमच्या शंकेकडे येतो. तुम्ही म्हणता, तिथे पणाला काही लागलेले नव्हते. परंतु पगार कापला जाणार नव्हता, बढती अडणार नव्हती, समोर साहेब नव्हे तर वर्गमैत्रीण होती, आणि तरीही तो मुलगा गप्प बसला. मग खऱ्या कचेरीत तो किती गप्प बसेल याचा अंदाज तुम्हीच करा. चढाई खोटी होती, त्याचे मौन खोटे नव्हते. १० मे १९९६ रोजी खऱ्या एव्हरेस्टवर परतण्याची सुरक्षित वेळ उलटून गेल्यावरही अनेकांची चढाई चालू राहिली, आणि त्या वादळात आठ गिर्यारोहक मरण पावले. त्या दुर्घटनेला कारणे अनेक होती. पण रॉबर्टो यांनी तिच्या अभ्यासात ज्या गोष्टींवर बोट ठेवले, त्यांत अनुभवी म्होरक्यासमोर शंका बोलून न दाखवणे ही एक होती.

त्या मुलावर रागावू नका. ‘तू बोलला का नाहीस?’ हा प्रश्न नसून आरोप आहे, आणि त्याला उत्तर म्हणून फक्त सबब मिळते. ‘तुला कितव्या फेरीत जाणवले, आणि तेव्हा मी काय करत होते?’ असे विचारा. उत्तर कदाचित टोचेल. बहुधा तुम्ही तेव्हा पुढच्या छावणीचे बटण दाबायला निघालेल्या असाल. सिम्युलेशननंतरची चर्चा बरेच विद्यार्थी गुण कळले की उरकून टाकतात (आम्ही शिक्षकही तास संपत आल्याचे निमित्त करतो), आणि शिकण्यासारखे जे असते ते तिथेच राहून जाते. पुढच्या वेळी स्वतःचे मत शेवटी सांगा, आणि त्याआधी प्रत्येकाला नाव घेऊन विचारा की तुझ्या पडद्यावर असे काय आहे जे आमच्या पडद्यावर नाही.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. सिम्युलेशन तासाभरात संपते आणि दुखावलेला माणूस दुसऱ्या बाकावर जाऊन बसतो. एखाद्याचा सल्ला डावलून घेतलेल्या निर्णयानंतर त्याच माणसाबरोबर सहा महिने काम करणे कोणत्याही पडद्यावर शिकता येत नाही. त्यासाठी राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर किंवा गल्लीतले गणेशोत्सव मंडळ अधिक उपयोगी पडेल. तिथे वर्गणीचा हिशेब ठेवणाऱ्याला दुखावले, तर पुढच्या वर्षीही त्याच्याच दारात जावे लागते.