निर्वासितांच्या छावणीत स्त्रियांचं प्रजनन आरोग्य आणि लैंगिक अत्याचार या विषयांवर जनजागृती कशी करावी?

करू नका. निदान आधी करू नका.

तुम्ही लिहिलंय की संस्थेतर्फे छावणीत जायचंय, पोस्टर आणि पथनाट्य तयार आहे, आणि आसपासच्या गावांतही 'वेळ उरला तर' एखादा कार्यक्रम कराल. त्या 'वेळ उरला तर'पाशी माझं डोकं फिरलं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी नर्स आहे, सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलेली. ऑगस्ट 2017 पासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमार सोडून बांगलादेशात आले. त्यानंतर मी कॉक्स बाजार जिल्ह्यात, उखियाजवळच्या एका छावणीत दवाखान्यात होते. आपल्यावर झाला तो अत्याचार आहे हे ठाऊक नसलेली बाई मला तिथे भेटली नाही. ठाऊक नसायचं ते एवढंच, की कुठल्या दाराने आत गेलं तर बोभाटा होणार नाही, आणि आत गेल्यावर कपाटात औषध असेल का.

आमचं कपाट भरलेलं होतं. घोळ दाराशी होता. रखवालदार फाटकावर नोंदणीचं कार्ड बघायचा. कार्ड असेल तर आत, नाहीतर 'तुमचं सरकारी रुग्णालय आहे, तिकडे जा'. ऐन पावसाळ्यात एक बाई अशीच परत पाठवली गेली. ती तिथल्याच गावातली, बांगलादेशी. ओळखीतल्या माणसाने आदल्या रात्री जबरदस्ती केली होती. सरकारी रुग्णालयात ती गेली नाही, कारण तिथल्या रांगेत गावातलं कुणीतरी भेटणारच, आणि आत गेल्यावर 'आधी पोलिसांत जा' म्हणतील ही धास्ती. घरी जाऊन चूल पेटवली तिने.

चौथ्या दिवशी पुन्हा आली, ती एका रोहिंग्या बाईबरोबर. ही बाई तिच्या अंगणात कामाला यायची. तिच्याच छत्रीआड चेहरा लपवून दोघी फाटकातून शिरल्या आणि कुटुंब नियोजनाच्या इंजेक्शनच्या रांगेत बसल्या. नंबर आल्यावर म्हणाली, "आपा, सुई घ्यायला आलेय." मी दार लोटलं, तेव्हा खरं काय ते बोलली.

चौथा दिवस म्हणजे काय ते सांगते. पोस्टर छापायचंच असेल तर एवढंच छापा. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, मग 28 दिवस रोज. गर्भ राहू नये म्हणून गोळी 120 तासांपर्यंत देता येते, पण जितका उशीर तितका तिचा गुण कमी. शिवाय हिपॅटायटिस बीची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, लैंगिक संसर्गावरची प्रतिजैविकं. तिला गोळी मिळाली, लस मिळाली. 28 दिवसांच्या औषधांचा सीलबंद डबा मात्र माझ्यापासून हातभर अंतरावर फळीवर होता आणि तिथेच राहिला. ती पहिल्यांदा फाटकाशी आली तेव्हाही तो तिथेच होता.

त्या संध्याकाळी समन्वयकाशी माझं वाजलं. ते म्हणाले, "सिस्टर, आपला निधी निर्वासितांसाठी आहे. एकीला घेतलं तर उद्या अख्खं गाव येईल." मी म्हटलं, येऊ दे की. त्यांचं म्हणणं, स्थानिकांसाठी त्यांची यंत्रणा आहे, आपण दुहेरी कारभार कशाला करायचा. कागदावर हे बरोबरही होतं. पण उखिया-टेकनाफमध्ये स्थानिकांपेक्षा निर्वासितांची संख्या जास्त झाली होती. मजुरी पडली, भाजी महागली, डोंगरावरचं जंगल साफ झालं. रस्त्यापलीकडे फुकट बाळंतपण होतंय आणि आपल्याला फाटकावरून हाकलतात, हे त्या गावातली बाई रोज बघत होती. तिचा राग निधी देणाऱ्या देशापर्यंत थोडाच पोचतो? तो निघतो सरपणाला जाणाऱ्या रोहिंग्या मुलीवर. तपासणीच्या एकाच बाकावर दोघी बसल्या की पाण्याच्या रांगेत धक्काबुक्की जरा कमी होते, हे मी पाहिलंय. युगांडात तर निर्वासितांसाठीच्या मदतीतला सुमारे 30 टक्के वाटा स्थानिकांना मिळावा असं धोरणच आहे, आणि वसाहतींतली आरोग्य केंद्रं दोघांनाही खुली असतात.

दुसरं भांडण पाटीवरून. साहेबांना एका खोलीवर 'लैंगिक हिंसा सेवा कक्ष' अशी ठळक पाटी हवी होती, कारण निधी देणारे भेटीला आले की फोटो निघतो. त्या पाटीखालून दिवसाढवळ्या कोण आत जाणार? बायका इंजेक्शनच्या, गरोदरपणाच्या तपासणीच्या रांगेतूनच यायच्या. म्हणून ती औषधं, ती तपासणी, ते बोलणं त्याच खोलीत व्हायला हवं होतं, आणि ताडपत्रीऐवजी भिंत हवी होती. ताडपत्रीपलीकडे कुजबुजही ऐकू येते. बरंच डोकं आपटल्यावर कार्ड बघणं बंद झालं. पाटी राहिली. खोलीत खुर्च्या ठेवायचे.

अत्याचार रोखायचं म्हणाल, तर आधी संडास बघा. स्फिअरची, म्हणजे आपत्तीतल्या मदतकार्याची आंतरराष्ट्रीय मानकं म्हणतात 20 माणसांमागे एक, बायकांचे तीन तर पुरुषांचा एक, आतून कडी, बाहेर उजेड. मी पाहिलेल्या कितीतरी दारांना आतून कडीच नव्हती. रात्री जायला नको म्हणून बायका दुपारनंतर पाणीच पीत नसत. मग मूत्रमार्गाचा संसर्ग, आणि गरोदर बाईला तो झाला की वेळेआधी कळा. म्हणजे कडीचा खर्च वाचवायचा आणि सातव्या महिन्यातल्या बाळाशी झुंजायचं. सरपणाचंही तसंच. 2018 पासून छावण्यांत गॅस सिलिंडर वाटायला सुरुवात झाली, तेव्हा कुठे बायका-मुलींच्या जंगलातल्या फेऱ्या कमी झाल्या. शंभर पथनाट्यांनी ते झालं नसतं.

आता थोडं तुमच्या बाजूने. तिथे नोंदवल्या जाणाऱ्या घटनांत बहुतेक वेळा मारणारा नवराच असायचा, आणि त्याला संडासाची कडी काही करू शकत नाही. इथे बोलणं उपयोगी पडतं, फक्त ते बायकांशी नको. मार खाऊ नये हे तिला शिकवायला निघालेल्यांचा मला वीट आलाय. पथनाट्य चहाच्या टपरीवर करा, 'माझी' आणि इमाम समोर बसलेले असताना. (माझी म्हणजे छावणीतला मुकादमासारखा पुढारी, जवळपास सगळे पुरुषच.) पण त्याआधी त्या माझीच्या घरात काय चालतं त्याची चौकशी करून घ्या.

तुम्ही जाल त्या देशाचा कायदाही आधी वाचा. बांगलादेशात 1860च्या दंडसंहितेमुळे गर्भपाताला फार थोडी जागा आहे, पण 'एमआर' म्हणजे मासिक पाळीचं नियमन (पाळी चुकल्यावर सुरुवातीलाच गर्भाशय रिकामं करून ती परत आणणं) 1979 पासून सरकारी कुटुंब नियोजनात आहे. डॉक्टर ते 12 आठवड्यांपर्यंत करू शकतात. 120 तासही हातून गेलेल्या बाईला हे सांगणारं कुणीतरी लागतं. दुसऱ्या देशात हा मार्ग नसेल, किंवा याहून मोकळा असेल. पोलिसांना कळवणं कुठे सक्तीचं, कुठे बाईच्या मर्जीवर, हेही वेगवेगळं.

प्रशिक्षणाचं विचारलंत. 'एमआयएसपी' म्हणजे संकटकाळात प्रजनन आरोग्याच्या किमान सेवा, ज्या पहिल्या 48 तासांत सुरू करायच्या असतात. त्याचा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट आहे, तो जाण्याआधी पुरा करा. आणि संस्थेला विचारा, कपाटाची किल्ली रात्री कुणाकडे असते, आणि फाटकावर कार्ड बघतात का. बघत असतील आणि कुणी 'आपला निधी' म्हणून सुरुवात केली, तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या. आमच्या साहेबांनी पुरतं ऐकून घेतलंच नव्हतं.